हात वर करा

सोसायटीच्या दारातला उभ्या चढाचा रॅम्प तोडून कमी चढाचा बांधावा, अशी पंकजची मागणी होती. तो सात वर्षांपासून व्हीलचेअरवर.

“दंड तर पैलवानासारखे आहेत तुझे. तुले काहून पाहिजे गा नवा रॅम्प?” असं म्हणत सेक्रेटरी गोपाळरावांनी मतदान घेतलं. बाजूनं नऊ हात वर झाले. विरोधातले हात त्यांनी स्वतःचाही उंच धरून मोजले, तेही नऊच भरले.

“अन् पंकज, तुझ्याच रॅम्पले तुझाच हात वर नाही?”

“काका, त्या चढावर चाकं ढकलून ढकलून दोन्ही खांदे गेले. हात छातीच्या वर जातच नाही.”

गोपाळरावांना आपला हात खाली घ्यायचंही सुचलं नाही.