तीनशे पासष्ट दिवसांचा ग्रह
पत्रकार परिषद चार वाजता होती, म्हणून ती तरुण खगोलशास्त्रज्ञ दुपारीच आलेख घेऊन तिच्या जुन्या सरांकडे आली. सहा वर्षं रक्ताचं पाणी करून ग्रहाच्या ओढीनं डुलणाऱ्या एका ताऱ्याच्या हालचालीवरून तिनं राहण्याजोगा ग्रह शोधला होता. म्हातारे सर मटार सोलत बसले होते. “वर्ष किती दिवसांचं गं त्याचं?” “तीनशे पासष्ट! अगदी आपल्यासारखं.” सरांचे हात थांबले. “पोरी, आपण पृथ्वीबरोबर सूर्याभोवती फिरतो, म्हणून ताराच डुलल्यासारखा दिसतो. ते वजा केलंस?” तिनं मनातल्या मनात आकडेमोड तपासली; तेच वजा करायचं राहिलं होतं. “सर, ही आपलीच पृथ्वी आहे.” “राहण्याजोगी आहे खरी. यानही नको जायला.” ती हसली नाही. “सहा वर्षं गेली, सर.” सरांनी फोन पुढे सरकवला. तिनं संस्थेच्या संचालकांना कळवलं, “कार्यक्रम रद्द करा. चूक माझी.” “आता जेव दोन घास,” म्हणत सर ताट वाढायला उठले.