वगळलेला आवाज

पिंगळी गावात स्टुडिओ टाकलेल्या शिवशंकरला आपल्या तिखट कानाचा भारी अभिमान होता. सुगंधाबाईंच्या जात्यावरच्या ओव्या त्यानं त्यांच्या ओसरीत जाऊन रेकॉर्ड केल्या होत्या. आज भर दुपारी त्यांना स्टुडिओत शेजारी बसवून तो कॉम्प्युटरवरचं आवाज गाळणारं नवं प्लगइन दाखवत होता. जात्याची घरघर गेली, शेळ्यांचं ओरडणं गेलं, उरला फक्त म्हातारीचा खणखणीत गळा.

"अन् ह्ये बटन दाबलं की काढलेला कचराच तेवढा ऐकू येतो, मावशी," त्यानं ऐटीत सांगितलं आणि बटन दाबलं.

घरघर आली. शेळ्या आल्या. त्यांच्यामागून दुसरीच एक बाई गायला लागली.

"त्या दिवशी जात्यावर तुमी एकल्याच होत्या न्हवं?"

"खुंट्याला दोघींचा हात लागतो, बाबा," सुगंधाबाई अभिमानानं हसल्या. "माझ्यापरीस तिचाच गळा लय गोड हाय."

शिवशंकरनं घाईघाईनं रेकॉर्डिंग थांबवलं. स्पीकरमधलं जातं थांबलं, शेळ्या थांबल्या. त्या बाईनं मात्र पुढची ओवी उचलली, आणि आया लेकाचं गातात तसं, नाव घेऊन, शिवशंकरच्या तिखट कानाचं कौतुक गाऊ लागली.