लाल दाणे

बलाका जिल्ह्यात यंदाही मका करपला होता. गणितातला अंदाज शिकवायला आणलेले मक्याचे दाणे पाचवीतल्या मुलांनी कालच खाऊन टाकले, म्हणून आज फालेसी मॅडमनी पेरणीसाठी मिळालेलं, औषध लावलेलं लालभडक बियाणं आणलं. ते तरी कुणी तोंडात टाकणार नव्हतं. “हे दोनशे एकेचाळीस दाणे. न मोजता सांगा, तिसरा हिस्सा साधारण किती?” “साठ!” मावुतो ओरडला. “बाकीचे गिळलेस का रे?” वर्ग हसला. तलांडिरा उठली. “ऐंशीच्या आसपास, मॅडम. एक दाणा सोडून द्यायचा, मग तिनानं भाग जातो.” “शाबास! बस.” ती बसली नाही. “मॅडम, हे किती पाण्यांनी धुतलं की याची लापशी करता येते?” कुणीच हसलं नाही. हे विष आहे, असं सांगायला मॅडमनी तोंड उघडलं. “आमच्या घरी तीन पाण्यांनी धुतो,” त्या म्हणाल्या. “पण तुझ्या धाकट्या भावाला ती लापशी देऊ नकोस.”