कंपनीचा वाटाड्या

"पुढचा थांबा, खानापूर," गोपाळ मास्तरांच्या हातातला मोबाईल बाईच्या आवाजात बोलला. मास्तरांनी गाडीत शेजारी बसलेल्या आपल्या पोराकडं अशा थाटात बघितलं, जणू ती बाई त्यांच्याच वर्गात शिकून मोठी झाली होती.

"बघ रं श्रेयस, ह्याला म्हणतात काम. फोन कंपनीनं हे ॲप सगळ्यांना फुकट दिलंय. गाडी कुठं आली, पुढं काय येणार, मराठीत पाहिजे तर मराठीत सांगायलंय, कन्नडमध्ये पाहिजे तर कन्नडमध्ये. आणि तू? दोन वर्षं माडीवर कॉम्प्युटर घेऊन बसलास. काय उजेड पाडलास?"

श्रेयस समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत राहिला.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते इतकं खरं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. हा 'वाटाड्या' त्यानंच केला होता, खासबागेतल्या घरी, त्याच माडीवर बसून. फोन कंपन्या असली ॲपं स्वतः थोडीच करतात. बाहेरच्या पोरांकडून घेतात, त्यावर आपला रंग चढवतात, आपलं नाव लावतात आणि गिऱ्हाइकांच्या फोनवर सोडून देतात. करणाऱ्यानं 'हे मी केलं' म्हणून कुठं बोलायचं नाही, तशी सहीच घेतात. बोलला की पुढचं काम बंद. श्रेयसचं दुसरं ॲप कंपनी याच महिन्यात घेणार होती, आणि कंपनीच्या बंगळूरच्या प्रियदर्शनी मॅडमनी फोनवर पुन्हा बजावलं होतं की घरातसुद्धा नको.

घरात तर नकोच होतं. मास्तरांच्या पोटात गोष्ट राहायची ती फार तर चहा गार होईपर्यंत. सकाळी त्यांना सांगावं आणि दुपारी अख्ख्या खासबागेनं अभिनंदनाला यावं, असा तो कारभार. म्हणून श्रेयस गप्प राहिला, आणि त्याचं फळ भोगायला आज निघाला होता. नंदगडच्या एका शिक्षणसंस्थेत कॉम्प्युटरवर बसायला माणूस हवा होता. चेअरमन ज्योतिबाअण्णा मास्तरांच्या जुन्या ओळखीतले. आज जाऊन हो म्हणायचं आणि सोमवारपासून रोज याच गाडीनं कामाला यायचं, असं ठरलं होतं. दिवसभर तिथं बसल्यावर दुसरं ॲप काही पुरं होणार नव्हतं. नाही म्हणायला त्याच्याकडं कारण होतं, पण ते सांगायची सोय नव्हती. बापापासून लपवतोय याचंही त्याला वाईट वाटत होतं.

खानापुरात गुणाबाई चढल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. त्यांची दोन्ही पोरं मास्तरांच्या हाताखालून गेली होती. गाडी नंदगडच्या रस्त्याला लागेपर्यंत मास्तरांनी त्यांनाही मोबाईल दाखवून कंपनीचं कौतुक ऐकवलं.

वळण आलं, तसा मोबाईल बोलला, "पुढचा थांबा, ओकारीचा आंबा."

श्रेयसला दरदरून घाम फुटला.

या वळणावरच्या थांब्याशी आंब्याचं एक झाड होतं. मास्तर नंदगडला शिकवायला होते तेव्हा पहिलीतला श्रेयस रोज त्यांच्याबरोबर गाडीनं यायचा, आणि रोज या आंब्याखाली ओकायचा. ड्रायव्हर न सांगता गाडी थांबवायचा. संध्याकाळी घरी गेलं की आई हसत विचारायची, "ओकारीचा आंबा आला होता का रे वाटेत?" हे नाव त्या एका घराबाहेर कुणालाही ठाऊक नव्हतं. ॲप करताना इथल्या थांब्याचं खरं नाव आठवेना म्हणून श्रेयसनं तात्पुरतं घरचं नाव टाकून ठेवलं, आणि बदलायचं राहून गेलं. बंगळुरात तपासणाऱ्यांना काय कळणार. असेल एखादं खेडं, असं वाटलं असेल त्यांना.

"ह्यो कुठला थांबा वो, मास्तर?" गुणाबाईंनी मागं वळून विचारलं. "माझा जलम गेला ह्या रस्त्याला. असलं नाव न्हाय ऐकलं कवा. कुणी केलंय म्हणायचं ह्ये?"

मास्तरांनी हातातल्या मोबाईलकडं बघितलं. मग पोराकडं बघितलं, आणि बघतच राहिले.

"बाबा, कुणाला सांगायचं नाही," श्रेयस त्यांच्या कानाशी पुटपुटला. "तशी सही दिलीय. सांगितलं तर काम जाईल."

मास्तरांचं तोंड उघडलं होतं. पुढं गुणाबाई उत्तराची वाट बघत होत्या, मागं अर्धी गाडी ओळखीची होती. आता सगळं संपलं, असं श्रेयसला वाटलं.

"कंपनीनंच केलंय," मास्तर म्हणाले. "त्यांना म्हाईत असतंय सगळं."

"व्हय, असंल," म्हणत गुणाबाई पुढं वळल्या. मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं उगीचच पुसला आणि परत घातला. इतकी मोठी गोष्ट पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती. आंब्याचं झाड मागं गेलं तरी ते त्याच्याकडं मान वळवून बघत होते.

"बाबा, ज्योतिबाअण्णांना काय सांगायचं?" श्रेयसनं हळूच विचारलं.

"पोराला जमायचं न्हाय म्हणून सांगतो."

"का, म्हणून विचारतील."



"त्याला अजून गाडी लागते म्हणतो," मास्तर म्हणाले, आणि उठून खिडकीची जागा त्यांनी पोराला दिली.