बर्फावरचं स्ट्रेचर

हवा खेचणाऱ्या पंपाचा काटा अर्ध्यावरच अडकला होता. पंप घरघरत होता, पण साच्यावर अंथरलेली प्लास्टिकची पिशवी काही केल्या आत ओढली जात नव्हती. पिशवीखाली रेझिनमध्ये भिजवलेलं काचेचं कापड होतं. जखमी जवानांना बर्फावरून ओढत आणायचं स्ट्रेचर त्यातून बनायचं होतं. रेझिन घट्ट व्हायच्या आत हवा निघाली नाही, तर कापडाचे थर एकमेकांना धरणार नव्हते आणि पहाडात ते मधूनच उकललं असतं.

गोहलपूरच्या त्या वर्कशॉपचे मालक विष्णूकाका पंपाच्याच मागे लागले होते. तेल बदलून पाहिलं, फरक नाही. शेवटी त्यांनी पिशवीकडे जाणारी नळी चिमटून धरली, तसा काटा सरसर चढला. म्हणजे पंप ठणठणीत होता. हवा पिशवीतूनच कुठूनतरी शिरत होती.

आता फट शोधायची ती कानानंच. काकांनी नळीचा कॉक फिरवला, पंप थांबवला, पंखा बंद केला. मग त्यांची नजर खिडकीतल्या ट्रान्झिस्टरवर गेली आणि ते घुटमळले.

ट्रान्झिस्टर त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या हेमलताचा होता. तिचा नवरा गुणवंत द्रासच्या रस्त्यावर तोफगोळ्यांचा ट्रक चालवायचा. कारगिलची लढाई पेटल्यापासून त्याचा फोन नव्हता. त्याची खबर म्हणजे काय ती दुपारच्या बातम्यांत येणारं द्रासचं नाव. आणि बातम्या आता सुरूच होत होत्या.

"राहू दे, बेटा," काका म्हणाले. "तू ऐकून घे. मी पाहतो."

हेमलतानं उठून ट्रान्झिस्टर बंद केला.

वाकून ती साच्याच्या कडेकडेनं कान नेत गेली. पायाकडच्या कोपऱ्यात चिकटपट्टीला चुणी पडली होती, तिथे बारीक सूं असा आवाज येत होता. तिनं अंगठा दाबून धरला. काकांनी वरून दुसरी पट्टी लावली आणि पंप सुरू केला. पिशवी झपकन आत ओढली गेली. माणूस निजावा असा आकार खाली स्पष्ट उमटला.

काका समोरच्या पानठेल्यावर जाऊन बातम्या विचारून आले. द्रासचा रस्ता चालू आहे, एवढंच बातम्यांत सांगितलं, म्हणाले. हेमलतानं मान हलवली. रस्ता चालू, म्हणजे ट्रकही चालू. आणि त्या ट्रकांवर पडणारे गोळेही.

संध्याकाळी काका कुलूप घेऊन आले, तर ती साच्यापाशीच उभी. घट्ट होताना रेझिन तापतं. जिथे माणसाचा खांदा येतो, तिथे तिनं तळहात टेकवला होता.

"काहून थांबून राहिली अजून?" काकांनी विचारलं. "काम तर झालं."

"तुम्ही व्हा पुढे, काका," ती हात न काढता म्हणाली. "अजून गरम आहे."