लगाम धर

शेवटचा टाका घालून तिलेकने हातमोजे उतरवले आणि भूल देणाऱ्या बुरुलकडे पाहिलं. पित्ताशय काढून झालं होतं. आता फक्त घशातली नळी काढायची होती.

टेबलावर उमसुनाय एजे होती. डोंगरातल्या नारिन शहराच्या या इस्पितळात वर्षानुवर्षं तिनेच भूल दिली होती, बुरुलला हे काम तिनेच शिकवलं होतं. सगळं शहर तिला थोरली बहीण मानून एजे म्हणायचं.

"श्वास तर स्वतःच घेतेय की," तिलेक म्हणाला. "आणि मधे दिलंस ते औषध लहान पोराला देतात तेवढंच होतं."

काम करताना पोट घट्ट लागतंय अशी तक्रार त्यानेच केली होती, म्हणून स्नायू सैल करणारं औषध बुरुलने आणखी थोडं दिलं होतं. थोडंच, पण भुलीचा गॅस चालू असताना. शेवटी गॅस बंद करून तिने औषधाचा उतारा दिला होता. तोही गॅस अंगात असेपर्यंत सावकाशच चालतो.

"गॅस आणि हे औषध म्हणजे दोघी बहिणी," एजे शिकवताना म्हणायची. "एकेकटी आली तर वेळेवर उठते. दोघी भेटल्या की यांचा चहा संपत नाही."

तेव्हा गॅस म्हणजे ईथर असे. खोलीभर त्याचा गोडसर, उग्र वास. तो एजेच्या डोक्याच्या रुमालातही बसलेला असायचा. संध्याकाळी घरी जायला ती घोड्याजवळ गेली की घोडा नाक फेंदारून मान फिरवायचा. तुझ्यापेक्षा माझे रोगी बरे, ती त्याला सुनवायची, निदान तोंड तरी फिरवत नाहीत. आताच्या गॅसला वास जवळजवळ नाहीच. बुरुलला कधीकधी वाटे, आपण खोलीत काही करतोय की नाही कोण जाणे.

एजेची परीक्षा एकच. रोग्याच्या तळहातात दोन बोटं ठेवायची आणि सांगायचं, लगाम धर. मग बोटं ओढून बघायची. घोड्यावर वाढलेल्या माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नसे. बोटं सुटून आली तर नळी राहू द्यायची. छाती हलते, पण घसा अजून सैल असतो. नळी काढली की माणूस तिथेच गुदमरतो.

बुरुलने एजेच्या हातात बोटं ठेवली. "एजे, लगाम धर."

म्हातारी बोटं वळली. बुरुलने आपली बोटं ओढली, ती अलगद सुटून आली.

तिलेकने घड्याळाकडे बघून पुढच्या रोग्याची आठवण करून दिली. त्याला म्हणावं झोप काढ, बुरुल म्हणाली.

तेवढ्यात एजेचे डोळे उघडले. ते छताकडे गेले, दिव्याकडे गेले. हात उचलायचा तिचा प्रयत्न दिसला. हात उठला नाही. नळीमुळे आवाज नाही, अंगात बळ नाही, आणि शुद्ध मात्र पुरती आलेली. रोग्याला असं कधी ठेवू नये म्हणून जन्मभर बजावत आलेल्या बाईच्या कपाळावर आठी पडली, घाम फुटला.

बुरुल तिच्या कानाशी वाकली.

"एजे, मी बुरुल. सगळं नीट झालंय. त्या दोघी बहिणी अजून चहाला बसल्यात, एवढंच. मी इथेच आहे."

एजेने तिच्याकडे पाहिलं. हळूहळू कपाळावरची आठी गेली. तिने डोळे मिटून घेतले, दारात उभ्या पाहुण्यांचं बोलणं संपायची वाट बघावी तशी.

बुरुलने पुन्हा भुलीचं थोडं औषध द्यावं का याचा विचार केला. मग त्या चेहऱ्याकडे पाहून सिरिंज खाली ठेवली. तिलेक स्टूल ओढून बसला.

बऱ्याच वेळाने बुरुलने बोटं पुन्हा त्या तळहातात ठेवली. या वेळी तिला काही म्हणावं लागलं नाही. मूठ मिटली. तिने ओढलं, बोटं आली नाहीत. आणखी जोराने ओढलं, तेव्हा एजेचं मनगटच सोबत उचललं गेलं.

नळी तिने मोकळ्या हाताने काढली, दुसऱ्या बाजूने तिलेकने मदत केली. एजे खोकली, ओठांवरून जीभ फिरवली.

"गेल्या का त्या?" तिने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"गेल्या, एजे."

म्हातारीने मान डोलावली. मूठ मात्र सोडली नाही.