घासलेला मुकुट

लुब्लिनच्या जुन्या बाजारात अनिएलाने आजोबांची चांदीची वीट पारखी स्रोकांसमोर ठेवली. वर नाझी गरुडाचा ठसा होता. पळणाऱ्या जर्मनांच्या गाडीतून पडली, असं आजोबा सांगायचे. खरी निघाली तर ती लुटीची, मग घरात ठेवायची नाही, एवढं तिचं ठरलं होतं.

स्रोकांनी भिंग लावलं आणि ते हसले. "बाई, ठसा नकली. जर्मन गरुडाला मुकुट कुठला? मुकुट असतो आपल्या पोलंडच्या गरुडाला. कोरणारा आपलाच कुणी पोलिश गडी. हाताच्या सवयीने मुकुट कोरून बसला, मग घासून काढला. ही बघा खूण."

"सुटले बाई. म्हणजे लुटीची नाही."

"जर्मनांनी लुटलेली नाही, एवढंच म्हणेन मी." त्यांनी वीट उलटी केली. तळाशी मेणबत्तीदाणीचा एक तुकडा वितळायचा राहिला होता, त्यावरची हिब्रू अक्षरं अजून वाचता येत होती. "ज्यू शेजाऱ्यांची चांदी वितळवली आणि पाप जर्मनांच्या माथी मारलं. हा गरुड कोरणारा सापडला, की चोर सापडला."

अनिएलाने वीट पिशवीत टाकली.



घरी बैठकीच्या खोलीत आजोबांच्या दुकानाची युद्धाआधीची पाटी अजून टांगलेली होती : 'सैनिकांच्या टोप्यांवरचे गरुड येथे कोरून मिळतील.'